बोरीच्या काट्यांचं दार

९ फेब्रुवारी, रविवार

चिन्मयीचं जमलं. पोरगा जितेंद्र, खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनात इंजिनीअर. सरळ वाटला. चहा गरम होता तर बशीत ओतून प्यायला, लाजला नाही. वडील मधुकरराव, फॉरेस्ट डिपार्टमेंटमधून रिटायर. मिशा जबरदस्त. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, दोन मार्चला संध्याकाळी, आमच्या हुडकेश्वरच्याच हॉलमध्ये.

एक छोटीशी गोष्ट झाली, ती फक्त इथे लिहून ठेवतो. पोहे संपले, बोलणी संपली, सगळे पंख्याकडे बघत बसले. तेवढ्यात मधुकररावांनी विचारलं, नोकरी सोडून तुमाले कशाचा शौक? आता मी जन्मभर कॉलेजच्या ऑफिसात अॅडमिशनच्या खिडकीमागे बसलो. खिडकीमागच्या माणसाला कसला शौक? पण त्या मिशांकडे बघता बघता तोंडातून निघून गेलं: जंगल. मग मला थांबताच येईना. तरुणपणी जंगलात राहायचो म्हणालो, काडीपेटीसुद्धा न घेता. दगडाची कुऱ्हाड, मुळ्यांचा दोर, लाकडावर लाकूड घासून आग. सगळं आपल्या हाताने.

हे सगळं मी पाहिलेलं आहे. मोबाईलवर, लंच टाइममध्ये. मन लावून पाहिलं की केल्यासारखंच असतं.

मधुकरराव म्हणाले, "वा! मंग साक्षगंधाच्या दिवशी दाखवाच आमाले."

चिन्मयी ट्रे घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

पाहुणे गेल्यावर म्हणाली, बाबा, आत्ताच फोन करून सांगा ना, मजाक केली म्हणून. साधे लोक आहेत ते. उद्या त्यांना समजलं तर मी कोणत्या तोंडानं जाऊ त्या घरात? बरोबर आहे तिचं. उद्या नक्की फोन करतो.

१० फेब्रुवारी

फोन केला नाही. विचार केला. मी बोललो ते खोटं आहे का? आज आहे. पण साक्षगंधाला अजून वेळ आहे. तोवर शिकून घेतलं तर ते खोटं राहत नाही, जरा आधी सांगितलेलं खरं होतं. उगाच फोन करून कशाला गोंधळ घालायचा?

संकल्प: कुऱ्हाड, दोर, आग. रोज पहाटे उठून गच्चीवर सराव.

११ फेब्रुवारी

उठलो नाही. जंगलातला माणूस सूर्यासोबत उठतो. आज ढगाळ होतं.

१३ फेब्रुवारी

कुऱ्हाड. आमच्या लेआउटमधल्या रिकाम्या प्लॉटवर गिट्टीचा ढीग पडला आहे, तिथून धारदार दगड निवडला. गिट्टी नैसर्गिकच असते. टिप्परने आणली म्हणून काय झालं? दगडावर दगड आपटून पातं काढायचं असतं. पातं निघालं. अंगठ्याचं नखही निघालं. ऑफिसात सांगितलं, दारात सापडलं.

दांडा म्हणून बायकोचं, भारतीचं, जुनं लाटणं घेतलं. तीन ठिकाणी बांधून पाहिलं, पातं डुलतं. डुलणारी कुऱ्हाड हाताला झटका देत नाही, हा तिचा फायदा.

भारती लाटणं शोधत होती. मीही शोधू लागलो.

१५ फेब्रुवारी

आग. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडाची, काडी लाकडाच्या खाचेत उभी धरायची आणि दोन्ही तळव्यांत गरगर फिरवायची. बाजूला कापूस ठेवायचा. बराच वेळ फिरवली. धुराचा वास आला! हरखून भारतीला हाका मारल्या. ती वर आली आणि म्हणाली, शेजारच्या कुसुमताई पालापाचोळा जाळून राहिल्या, कपडे काढा दोरीवरचे. मग माझ्याकडे नीट पाहून विचारलं, "काहून असे हात चोळून राहिले जी? थंडी वाजते का?"

तळव्यांना फोड आले आहेत. म्हणजे उष्णता तयार होते आहे. दिशा बरोबर.

यापुढे खिशात काडीपेटी ठेवणार. वापरायला नाही, तुलनेसाठी.

१६ फेब्रुवारी, रविवार

सावनेरला भूपेशच्या शेतावर. भूपेश म्हणजे माझा साळा. कापूस निघाला आहे, बांधावर पळस फुलू लागला आहे. अगदी जंगलच, मोटरपंप सोडला तर.

आज दोर. पळसाच्या मुळ्या खणायच्या, ठेचायच्या, त्यांचा वाक, म्हणजे तंतू, काढून पीळ द्यायचा. याची मला काळजीच नव्हती. आम्ही उमरेडचे विणकर लोक. आजोबा मागावर बसायचे, बसल्या जागी तुटलेला धागा सांधायचे. सूत आमच्या रक्तात आहे. माझे आणि दोऱ्याचे संबंध आजवर पायजम्याच्या नाडीपुरते राहिले, ही गोष्ट वेगळी.

दोर झाला. दिसायला देखणा. भूपेश म्हणाला, बकरी बांधून पाहू. बांधली. बकरी चालू लागली. ओढलं नाही, हिसका दिला नाही, नुसती चालू लागली आणि दोर तिच्या गळ्यात राहिला, अर्धा. उरलेला अर्धा तिने खाल्ला.

भूपेश खाली बसून हसला. म्हणाला, भाऊजी, दोर मस्त आहे, फक्त बांधू नका कशाले. ही बकरी मुळातच हट्टी आहे. साध्या बकरीवर चाचणी घ्यायला हवी होती.

१९ फेब्रुवारी

मधुकररावांचा फोन. चिन्मयी समोरच होती, खुणेने म्हणाली, सांगा. मी ठरवलं, सांगतो. गुरुजी कोणते, माणसं किती, असं बोलणं झालं आणि मग फोनवर शांतता पसरली. ती शांतता मला सहन होत नाही. तिकडून ते म्हणाले, "मंग, जंगलाची तयारी काय म्हणते?" आणि मी म्हणालो, या वेळी तर काट्यांचं घरही करून दाखवतो. बोरीच्या काट्यांचा गोल, आत माणूस. बिबट्या आला तरी आत शिरू शकत नाही.

हे मी कुठे पाहिलं होतं आठवत नाही. पण तोंडातून बाहेर पडलं तेव्हा फार जुन्या अनुभवासारखं वाटलं.

चिन्मयी पाण्याचा ग्लास माझ्यासमोर ठेवून आत निघून गेली. तेव्हापासून मी काही विचारलं की "हो" नाहीतर "नाही". बाबा म्हणत नाही. लहानपणापासून ही पोरगी दर वाक्याला बाबा म्हणते, भाजीत मीठ कमी आहे हे सांगतानाही. घरात फार शांत वाटतं आहे. मला ते लागलं.

म्हणूनच आता माघार नाही. एकदा करून दाखवलं की तिलाच अभिमान वाटेल.

२३ फेब्रुवारी, रविवार

काट्यांचं घर उभं राहिलं! भूपेशच्या शेताच्या कोपऱ्यात, नाल्याकडे. बोरीच्या फांद्या तोडून (भूपेशच्या कोयत्याने, दगडी कुऱ्हाड राखून ठेवली आहे) गोल रचला. उंची माझ्या डोक्याएवढी. नमुना म्हणून भूपेशचा बकऱ्यांचा वाडा घेतला. पिढ्यान्‌पिढ्यांचं डिझाइन, त्यात आपण का बदल करायचा? दार म्हणजे एक मोठी काटेरी फांदी. तिचा शेंडा फटीत घालायचा, बुंधा बाहेर ठेवायचा, बुंधा धरून दाबलं की घट्ट बसते. भूपेश काहीतरी सांगू पाहत होता. मी म्हणालो, भूपेश, या कामात मधे बोलायचं नाही.

अंगावर इतके ओरखडे आले आहेत की भारतीने विचारलं, मांजर पाळली का?

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्री

उपाशी राहण्याचा सराव. साबुदाण्याची उसळ, रताळी, वेफर्स, शेंगदाण्याचे लाडू. पुन्हा उसळ. शरीर हळूहळू सरावतं आहे.

आगीची प्रगती: लाकूड कोमट होतं.

१ मार्च, शनिवार

घर पाहुण्यांनी भरलं. हॉलचे हार, बुंदी, खुर्च्या, सगळं झालं. माझं एकच बाकी, फायनल रिहर्सल. उद्या सकाळी सावनेरला जाऊन काट्यांच्या घरात बसून व्हिडिओ काढायचा. हॉलमध्ये बोरीचे काटे कसे नेणार? भारती म्हणाली, पोरीच्या साक्षगंधाच्या दिवशी बाप घराबाहेर जाते का कुठं? मी म्हणालो, दुपारच्या जेवणाला घरात असेन.

चिन्मयी मेंदी काढून बसली होती. हात वाळेपर्यंत पंख्याखाली. मी जवळ गेलो. खूप दिवसांनी पूर्ण वाक्य बोलली: "तुम्ही फक्त वेळेवर या. मले काही नको दुसरं." मी म्हणालो, अगं, मी स्वागताला दारातच उभा असेन.

२ मार्च, रविवार, सकाळ

काट्यांच्या घरात. बसून लिहितो आहे. हवा छान. पळस लालभडक. सोबत कुऱ्हाड, दोर (नवा), आगीची काडी, पाण्याची छोटी बाटली. व्हिडिओ भूपेशने बाहेरून काढला. मग म्हटलं, आलोच आहे तर पूर्ण परीक्षाच देऊ. मोबाईल भूपेशकडे दिला, जंगलात मोबाईल नसतो. दार बाहेरून त्यानेच बंद केलं. चांगलं दाबून.

त्याला बजावून सांगितलं: मी स्वतः बाहेर येईन. मी ओरडलो, विनवण्या केल्या, रडलो तरी दार उघडायचं नाही. माणूस कच्चा पडतो तेव्हाच त्याची परीक्षा असते. भूपेशने विचारलं, नक्की ना भाऊजी? मी म्हणालो, नक्की. त्याने पुन्हा विचारलं. मी चिडलो.

थोड्या वेळाने

आता निघावं म्हणून दाराशी गेलो. एक तांत्रिक बाब लक्षात आली. बुंधा बाहेर आहे. आतल्या बाजूला फक्त काटे. धरायला जागा नाही. ढकललं तर फांदी शेजारच्या काट्यांत आणखी अडकते.

बकऱ्यांच्या वाड्यात आतल्याने दार उघडायचं नसतंच. डिझाइनमध्ये दोष नाही. डिझाइन बकरीसाठी आहे.

घाबरण्याचं कारण नाही. हाताशी अवजारं आहेत.

त्यानंतर

कुऱ्हाड: पहिल्याच घावाला पातं सुटून काट्यांवरून बाहेर गेलं. हातात लाटणं उरलं.

दोर: फास करून काट्यांवरून बाहेर बुंध्यावर टाकला. चौथ्या फेकीला बसला! ओढला. दोर तुटला.

आग: काडीपेटी आहे. एक काडी लावली की बोरीचं दार भसकन जळून जाईल. रस्ता मोकळा. फक्त मी आत आहे. विचार रद्द.

दुपार

ओरडलो. भूपेश बांधावर होता. हात हलवला आणि तिकडून ओरडला, "ऐकू आलं भाऊजी! मस्त चाललं! पास हून राहिले तुमी!" मी म्हणालो, अरे परीक्षा संपली, उघड. तो म्हणाला, "तुमीच सांगतलं ना जी, विनवण्या केल्या तरी उघडू नको!" शिव्या दिल्या. त्याने दोन्ही हात जोडले. मनापासून.

मग घरी जेवायला गेला असावा.

जरा वेळाने

तीच बकरी आली आहे. हट्टी. बाहेरून बोरीचा पाला खाते आहे. आशा वाटली. पण ती पाला खाते, काटे ठेवते. याच वेगाने गेली तर होळीपर्यंत मी बिनापाल्याच्या कुंपणात असेन.

बाटली रिकामी. ऊन डोक्यावर.

उन्हं कलली

एका गाडीचा आवाज आला. भूपेशच्या घराकडून. भूपेश, त्याची बायको, सगळे नवे कपडे घालून निघालेले लांबून दिसले. साक्षगंधाला! ओरडलो, उड्या मारल्या, लाटणं हवेत फिरवलं. भूपेशने गाडीतून मान बाहेर काढून अंगठा दाखवला. माझी स्कूटर इथेच उभी आहे, त्याला वाटलं, पठ्ठ्या परीक्षा पुरी करून मागून येतो.

गेले.

आता लिहायला काही नाही, म्हणून लिहितो. बिबट्याची भीती वाटत नाही. गुरुजी विचारतील, मुलीचे वडील कुठे? आणि सगळा हॉल दाराकडे बघेल. चिन्मयी पाटावर बसलेली असेल, ती मात्र दाराकडे बघणार नाही. तिला माहीत असेल. हे डोळ्यांसमोरून हलत नाही. तिने एकच गोष्ट मागितली होती, आणि ती सगळ्यांत सोपी होती.

अंगानेच ढकलून पाहिलं. शर्ट गेला. कान गेला असं वाटलं, आहे.

३ मार्च, सोमवार

कालचं नीट लिहून काढतो.

भूपेशने हॉलवर जाऊन माझा मोबाईल भारतीला दिला आणि सांगितलं, भाऊजी येऊनच राहिले. चिन्मयीने तो व्हिडिओ पाहिला. दाराचा बुंधा बाहेर आहे, हे तिला एका नजरेत दिसलं. तिने तो जितेंद्रला पाठवला आणि फोन केला. ते लोक खापरखेड्याहून निघतच होते, तिथून सावनेर जवळ. त्यांनी गाडी फिरवली.

तर सूर्य बुडायच्या बेतात असताना बांधावरून माझे जावई आणि व्याही चालत आले. मधुकरराव जाकीट, फेटा, अत्तर, पायात नवे बूट, नांगरलेल्या ढेकळांतून. ते कुंपणाशी आले. काट्यांमधून आम्ही एकमेकांकडे पाहिलं. अगदी खिडकीतून पाहावं तसं.

त्यांनी विचारलं, "इवाई, काय करून राहिले जी आत?"

मी म्हणालो, तुमचीच वाट पाहत होतो.

जितेंद्रने बुंधा धरून ओढला. दार उघडलं. एवढंच होतं.

गाडीत मी मागे बसलो, जितेंद्रचा जास्तीचा कुर्ता घालून. मग मधुकरराव खाकरले. म्हणाले, एक सांगतो, राग मानू नका. मी फॉरेस्टात होतो, पण ऑफिसात. जावक क्लार्क. टपालावर नंबर टाकायचो. जंगलात कधी गेलो नाही, मले मच्छर सहन होत नाही. त्या दिवशी पोहे संपले, बोलायला काही सुचेना, म्हणून शौक विचारला. तुमी जंगल म्हणाले तर म्हटलं, दाखवा. फोनवरही तसंच. इवायासोबत काय बोलावं, समजतच नव्हतं.

ही माझ्यासाठी सोन्यासारखी संधी होती. माणूस एवढं मोकळेपणाने बोलतो आहे, आपणही बोलावं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "असं होय?" मग खिडकीबाहेर पाहू लागलो. अशा नाजूक वेळी समोरच्याला मोठेपणा घेऊ द्यावा.

हॉलवर पोचलो तेव्हा गुरुजी घड्याळ बघत होते. चिन्मयी पाटावर बसली होती. मी शेजारी टेकलो. कुंकू लावायला हात पुढे केला तर तळव्यात काटा मोडलेला. तिने पदराची सेफ्टी पिन काढली, माझा हात मांडीवर घेतला आणि भरल्या हॉलमध्ये, गुरुजींना थांबवून, काटा काढला. मेंदीच्या हातांनी. म्हणाली, "हलू नका." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काट्यामुळे.

५ मार्च

चिन्मयीने संध्याकाळी मोबाईल माझ्यासमोर धरला. मधुकररावांचा नंबर लावलेला. म्हणाली, त्यांनी सांगितलं ना? आता तुम्ही सांगा. मी म्हणालो, रविवारी सांगतो, निवांत. तिने फोन लावूनच टाकला. स्पीकरवर.

सुटका नव्हती. सांगितलं. मी जंगलात कधी राहिलो नाही. सगळं मोबाईलवर पाहिलं. बोलून गेलो आणि मग बाहेर येता आलं नाही.

तिकडे शांतता. या वेळी मी ती भरली नाही. चिन्मयी माझ्याकडे बघत होती.

मग मधुकरराव म्हणाले, "ते तर मले त्या काट्यातच समजलं होतं जी. पण आता पंचाईत झाली. तुमचा तो व्हिडिओ मी साऱ्या भाऊबंदात पाठवला. इवाई बिबट्याशी खेळतात, म्हणून सांगतलं. लग्नात सारे पाहाले येऊन राहिले. आता मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू?"

चिन्मयी मटकन खुर्चीत बसली. आधी वाटलं रडते आहे. हसत होती. डोळे पुसत पुसत म्हणाली, "बाबा, आता तुमी दोघं काय करान ते करा."

बाबा म्हणाली.

मी मधुकररावांना धीर दिला. लग्नाला अजून वेळ आहे, म्हणालो. तोवर दोघांनी शिकून घेतलं तर ते खोटं राहत नाही. त्यांना पटलं. रविवारी सावनेरला भूपेशच्या शेतावर भेटायचं ठरलं आहे. बुंधा या वेळी आत ठेवणार, म्हणजे भूपेशची गरजच नाही. त्याला येऊ नको म्हणून कळवलं. मधुकरराव म्हणाले, दोघंही आतच बसू, मोबाईल गाडीत ठेवू.